बोटावरचा आकडा कुठून आला? ऑक्सिमीटरचा इतिहास आणि आपली खरेदी

पेठमध्ये इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की लोकांना वाटतं, जुन्या संस्थानाच्या गोष्टी ऐकायला मिळणार. आजचा इतिहास मात्र जेमतेम ऐंशी-नव्वद वर्षांचा आहे आणि तो तुमच्यातल्या कित्येकांच्या घरी कपाटात पडलेला आहे. ऑक्सिमीटर. बोटाला चिमट्यासारखं लावायचं ते मशीन.

सप्टेंबर 2020 मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा ते पाड्यापाड्यावर पोचलं. आशाताई घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत होत्या. 95 च्या खाली आकडा आला तर माणसाला पुढे तपासायला पाठवायचं, असा साधा हिशोब होता. आता जुनी मशीन बंद पडली आहेत आणि नवीन कोणतं घ्यावं, असं लोक विचारतात. मला वाटतं, याचं उत्तर किमतीपेक्षा या यंत्राच्या इतिहासात जास्त सापडतं.

यंत्र नव्हतं तेव्हा डॉक्टर काय करायचे? ओठ बघायचे, नखं बघायचे. निळी पडली म्हणजे ऑक्सिजन कमी. 1947 साली अमेरिकेत कॉम्रो आणि बोटेल्हो या दोघांनी ही नजरच तपासून पाहिली. निष्कर्ष काय निघाला, तर ऑक्सिजन 80 च्या आसपास घसरेपर्यंत बहुतेक बघणाऱ्यांना निळेपणा खात्रीने ओळखताच येत नाही. म्हणजे डोळ्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. सावळ्या माणसाच्या बाबतीत तर आणखीच उशीर.

त्याच्या थोडं आधी, दुसऱ्या महायुद्धात, विमानं इतकी उंच जायला लागली की वैमानिक बेशुद्ध पडायचे. त्यांच्यासाठी ग्लेन मिलिकन यांनी कानाच्या पाळीला लावायचं यंत्र केलं आणि ‘ऑक्सिमीटर’ हे नावही त्यांनीच दिलं. पण ते वापरायला किचकट होतं. कान गरम करा, दाबा, दर माणसागणिक यंत्र जुळवून घ्या. दवाखान्यात ते रुळलं नाही.

खरं वळण आलं 1974 मध्ये, जपानमध्ये. निहोन कोहदेन कंपनीतले ताकुओ आओयागी हे अभियंते वेगळंच काम करत होते. हृदय किती रक्त ढकलतं हे मोजण्यासाठी रक्तात रंग सोडायचा आणि कानातून प्रकाश पाठवून तो रंग बघायचा. पण नाडीचा प्रत्येक ठोका त्या आलेखात लाट उठवून मोजमाप बिघडवायचा. ही लाट घालवायला त्यांनी तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश वापरले. लाट गेली. पण रक्तातला ऑक्सिजन बदलला की ती परत यायची. त्यांच्या लक्षात आलं की जिला आपण अडथळा समजतोय, तिच्यातच ऑक्सिजनची माहिती आहे. धमनीतलं रक्त तेवढं ठोक्यासरशी उसळतं. कातडी, हाड, नखं जागची हलत नाहीत. जे हलतंय तेवढंच मोजलं की झालं. या यंत्राला ‘पल्स’ ऑक्सिमीटर म्हणतात ते यासाठी.

यातून खरेदीचा पहिला नियम निघतो. नाडी नीट सापडली नाही तर ऑक्सिजनचा आकडा निरर्थक आहे. म्हणून पडद्यावर नाडीची लाट, निदान वरखाली होणारी पट्टी दाखवणारं मशीन घ्या. नुसते दोन आकडे दाखवणारं नको. दुकानातच बोटाला लावा, दुसऱ्या हाताने मनगटाची नाडी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पडद्यावरचे ठोके आणि तुमचे ठोके जुळत नसतील, तर ते मशीन तिथेच परत द्या. आपल्याकडे पावसात आवणी करून आलेल्या माणसाची बोटं गार पडलेली असतात, तिथे रक्त कमी पोचतं. हात पुसा, चोळून गरम करा, नखपॉलिश काढा आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने आजची सगळ्यात महत्त्वाची. हे मशीन ऑक्सिजन थेट मोजत नाही. ते दोन प्रकाशांचं गुणोत्तर काढतं आणि आत साठवलेल्या एका तक्त्यात बघून आकडा सांगतं. तो तक्ता कुठून आला? निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा दिली, त्यांच्या धमनीतलं रक्त काढून तपासलं आणि दोन्ही आकडे जुळवले. धोका नको म्हणून साधारण 70 पर्यंतच खाली जातात. त्याच्याखाली यंत्र जे दाखवतं तो निव्वळ अंदाज.

मग ते स्वयंसेवक कोण होते? बहुतेक गोऱ्या कातडीचे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा 2013 चा निकष बघा. चाचणीत किमान 10 माणसं हवीत आणि त्यांत गडद वर्णाची किमान 2, किंवा 15 टक्के, यातली जी संख्या मोठी असेल ती. म्हणजे दहात दोन! डिसेंबर 2020 मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या नोंदी तपासल्या. यंत्र 92 ते 96 दाखवत होतं तेव्हा रक्तात प्रत्यक्ष 88 पेक्षा कमी ऑक्सिजन असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के होतं आणि कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के. जवळजवळ तिप्पट. अभ्यास अमेरिकेतला आहे हे खरं, पण कातडीतलं रंगद्रव्य प्रकाश शोषतं हा नियम तिथेही तोच आणि इथेही तोच.

उन्हात राबणाऱ्या आपल्या माणसांसाठी याचा अर्थ काय? 93 आला म्हणून निर्धास्त राहू नका. एका आकड्यापेक्षा त्याची चाल बघा. सकाळी 97, दुपारी 95, संध्याकाळी 93, असं होत असेल तर ती घसरणच तुम्हाला सांगतेय. इथून नाशिक 50 हून अधिक किलोमीटर, मध्ये सावळघाट. रात्री गाडी काढायची की सकाळची वाट बघायची, हा निर्णय कधी कधी या दोन-तीन टक्क्यांवर ठरतो. धाप लागतेय, बोलताना वाक्य तुटतंय आणि मशीन मात्र 95 दाखवतंय, तर माणसावर विश्वास ठेवा, मशीनवर नको.

आणखी एक. मशीन टक्का सांगतं, साठा सांगत नाही. अंगात हिमोग्लोबिन 6 असलेल्या बाईचाही ऑक्सिजन 98 दिसू शकतो, कारण आहे तेवढं रक्त ऑक्सिजनने भरलेलं असतं. रक्त कमी आहे हे त्याला कळत नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसाच्या रक्तात विषारी वायू भिनला, तरी मशीन त्यालाही ऑक्सिजनच समजतं.

लहान बाळांसाठी मोठ्यांचा चिमटा घेऊ नका. बोट नीट बसत नाही, आकडा भलताच येतो. आरोग्य केंद्रावर मुलांचा वेगळा सेन्सर असेल तर तो लावा. घरी श्वास मोजा. 2 महिने ते 1 वर्षाच्या बाळाचे मिनिटाला 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त, तर दवाखाना गाठा. आशाताईंना हे पाठ आहे.

या इतिहासात आपलाही एक धागा आहे. डॉ. अतुल गावंडे यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे. 2008 साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी जी तपासयादी काढली, तिचं काम गावंडे यांच्या नेतृत्वाखाली झालं आणि त्या यादीत ऑक्सिमीटर आहे. पण तेव्हा जगातल्या सुमारे 77,000 शस्त्रक्रियागृहांत हे यंत्रच नव्हतं. म्हणून 2011 मध्ये त्यांनी ‘लाइफबॉक्स’ संस्था उभी केली. गरीब दवाखान्याला स्वस्त यंत्र द्यायचं, पण ते कच्चं नको, मजबूत आणि तपासलेलं हवं, हा त्यांचा आग्रह. आपणही तोच धरायला हवा.

म्हणून घेताना खोक्यावर कंपनीचं नाव-पत्ता, बॅच नंबर आणि आयएसओ 80601-2-61 हे मानक छापलंय का बघा. माहितीपत्रकात अचूकता ‘70 ते 100 मध्ये अधिक-उणे 2’ किंवा 3 अशी लिहिलेली असते. मोबाईलच्या अ‍ॅपवर ऑक्सिजन मोजू नका. पक्कं बिल घ्या. जुलै 2021 मध्ये सरकारने व्यापाऱ्यांच्या नफ्यावर 70 टक्क्यांची मर्यादा घातली, कारण त्याआधी वाटेल ती किंमत लावली जात होती. पावसाळ्यात सेल काढून ठेवा.

आणि एक काम जरूर करा. निरोगी माणसाला कोणतंही मशीन 98 दाखवतं, नकली सुद्धा. खरी परीक्षा खालच्या आकड्यांत आहे. तेव्हा आपलं मशीन एकदा ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा आणि तिथल्या मशीनशी ताडून बघा. जमलं तर आजारपणातच, त्याच बोटावर, लगोलग. दोघांत किती फरक पडतो तो कागदावर लिहून मशीनच्या पाठीला चिकटवा. रात्री गाडी काढायची वेळ आली तर तो कागद कामाला येईल.