एकांची रांग

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे नाव निघाले की ६१७४ हा आकडा आलाच. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे त्यांच्या दुसऱ्या एका छंदाकडे वळायचे आहे : केवळ एक हाच अंक ओळीने मांडून होणाऱ्या संख्या. १११ चा वर्ग १२३२१; नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. चढून तशीच उतरणारी ही कमान कापरेकरांनी ‘डेम्लो’ संख्यांच्या कुळात घातली. डेम्लो हे तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरचे, मुंबईपासून तीस मैलांवरील स्थानक. कल्पना तेथे सुचली म्हणून हे नाव. (रेल्वे स्थानकाला गणिती परिभाषेत मिळालेली अशी जागा आम्हांला तरी दुसरी ठाऊक नाही.) दहाव्या एकाशी हातचा येतो आणि कमान मोडते.

अशा नवलाईला पंडितांच्या दरबारात मान नव्हता. जी. एच. हार्डी यांनी १९४० साली ८७१२ आणि ९८०१ यांची गंमत सांगितली : या संख्या आपल्याच उलट्या मांडणीच्या पटीत असतात. आणि यात गणितज्ञाने घ्यावे असे काही नाही, असा निर्वाळाही दिला. हा आक्षेप आम्हांला पोकळ वाटत नाही. अंक ही संख्येची लिपी आहे. दशमान सोडून अष्टमान धरले की १११ ही संख्या १५७ अशी लिहावी लागते आणि एकांची रांग नाहीशी होते. ती ३ आणि ३७ यांचा गुणाकार आहे, हे मात्र कोणत्याही लिपीत खरेच राहते. मूळसंख्या असणे हा अर्थाचा गुण. कमान हा लेखनाचा.

पण हे दोन गुण एकत्र येतात तेव्हा काय होते? सहा एकांची रांग १११ आणि १००१ यांत फुटते, म्हणून रांग मूळ ठरायची तर तिची लांबीही मूळ असावी लागते. तेवढे पुरत नाही : ११११ वर आणखी एक एक ठेवला की ४१ गुणिले २७१. अकरानंतरची पहिली मूळ रांग एकोणीस एकांची, मग तेवीस, आणि त्यानंतर एकदम ३१७.

त्यापुढची १०३१ एकांची. ती मूळ असल्याची सिद्धता ह्यू विल्यम्स आणि हार्वे डब्नर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केली. कापरेकर निवर्तले तेच वर्ष. अवाढव्य संख्या मूळ ठरवताना तिच्यातून एक वजा करून उरलेल्याचे अवयव मिळाले तर काम हलके होते. येथे एक वजा केला की उरते १०३० एकांची रांग आणि शेवटी शून्य. आणि १०३० विभाज्य असल्याने ती रांग आपोआप फुटते. हार्डींनी खेळ म्हणून बाजूला सारलेली लिपी सिद्धतेच्या कामी आली ती अशी.