उलट्या टांगलेल्या पुरुषाचा पत्ता

मिलानच्या स्फोर्झा घराण्यासाठी सुमारे १४५० मध्ये रंगविलेल्या टॅरो संचाचे ७४ पत्ते आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी एकावर एका पायाने उलटा टांगलेला तरुण आहे. कूर द जेबलँ याने १७८१ मध्ये ही मुळात एका पायावर उभी असलेली विवेकमूर्ती होय व पत्तेकाराने ती चुकून उलटी काढली, असे ठरवून टाकले. पुराव्याची गरज त्यास भासली नाही. भविष्यकथनाचे पुढील ग्रंथ याच वाटेने गेले. वस्तुतः जुन्या इटालियन लेखांत या पत्त्यास ‘द्रोही’ असेही नाव आढळते, आणि द्रोह्यांची अशी चित्रे भर रस्त्यात रंगवून त्यांची नाचक्की करण्याचा तेथे प्रघात होता. खुद्द फ्रांचेस्को स्फोर्झाचा पिता मुत्सिओ याचे असे चित्र १४१२ मध्ये रोममध्ये काढविले गेले होते. तरीही पुत्राच्या संचातून हा पत्ता वगळलेला नाही.