कच्चा वनस्पतिजन्य आहार

कच्चा वनस्पतिजन्य आहार म्हणजे केवळ वनस्पतींपासून मिळणारे व न शिजवलेले अन्नपदार्थ खाण्याची आहारपद्धती होय. तिला अपक्वाहार किंवा इंग्रजीच्या प्रभावाने 'रॉ व्हीगन आहार' असेही म्हणतात. या पद्धतीत मांस, मासे, अंडी, दूध व दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य असतात. बहुतेक अनुयायी मधही घेत नाहीत. साधारणतः ४० ते ४८ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापवलेले अन्न 'शिजवलेले' मानले जाते. ही मर्यादा निरनिराळ्या गटांत निरनिराळी आढळते.

स्वरूप

फळे, पालेभाज्या, कंदमुळे, सुकामेवा, तेलबिया, ओला नारळ आणि मोड आलेली धान्ये व कडधान्ये हे या आहाराचे मुख्य घटक आहेत. भिजवणे, मोड आणणे, वाटणे, किसणे, आंबवणे आणि कमी तापमानावर वाळवणे या प्रक्रिया मान्य आहेत.

मराठी स्वयंपाकातील काकडी, गाजर, मुळा व कोबी यांच्या कोशिंबिरी या आहाराच्या जवळ जातात. मात्र त्यांत दही, फोडणी किंवा भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट असल्यास त्या नियमात बसत नाहीत. गूळ रस उकळून करतात, तर पोहे व कुरमुरे करताना धान्य तापवावे लागते. बाजारातील काजूगरही सहसा टरफल काढण्यापूर्वी वाफवलेले किंवा भाजलेले असतात. म्हणून काटेकोर अर्थाने हे पदार्थ कच्चे ठरत नाहीत.

इतिहास

स्वित्झर्लंडमधील वैद्य माक्सिमिलियन बिर्खर-बेन्नर (१८६७–१९३९) यांनी रुग्णांच्या आहारात कच्ची फळे व भाज्या यांना प्रमुख स्थान दिले. 'म्यूस्ली' हा पदार्थ त्यांच्याच नावाशी जोडला जातो. दूध व अंडीही वर्ज्य करणाऱ्यांसाठी 'व्हीगन' हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये रूढ झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत अ‍ॅन विग्मोर यांनी गव्हांकुरांचा रस व मोड आलेली धान्ये यांचा प्रसार केला.

भारतात या विषयाशी महात्मा गांधींचे नाव निगडित आहे. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे १८९३ मध्ये त्यांनी कच्च्या अन्नाचा अल्पकाळ प्रयोग केला होता. पुढे १९२९ मध्ये साबरमती आश्रमात काही सहकाऱ्यांसह त्यांनी तो पुन्हा केला. मोड आलेले गहू व हरभरे, वाटलेले बदाम, पालेभाजी, लिंबू व मध असा तो आहार होता. मधामुळे तो आजच्या काटेकोर व्याख्येत बसत नाही. आमांशाचा त्रास झाल्याने गांधींना प्रयोग थांबवून शेळीच्या दुधाकडे परतावे लागले. हे अपयश त्यांनी आपल्या लेखनातून उघडपणे मांडले. पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे १९४६ मध्ये त्यांच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम सुरू झाला.

समर्थकांचे दावे आणि विज्ञान

शिजवल्याने अन्नातील विकरे (एन्झाइम) नष्ट होतात व त्यामुळे पचन बिघडते, हा समर्थकांचा प्रमुख दावा आहे. उष्णतेने विकरे निष्क्रिय होतात हे खरे आहे. परंतु अन्नातील बहुतेक विकरे जठरातील आम्लामुळेही निष्क्रिय होतात आणि पचनासाठी लागणारी विकरे शरीर स्वतःच तयार करते.

शिजवण्याने क जीवनसत्त्व व फोलेट यांचे प्रमाण घटते. याउलट टोमॅटोतील लायकोपीन व गाजरातील बीटा-कॅरोटीन शिजवल्यावर शरीरास अधिक सहज मिळतात. तसेच स्टार्च व प्रथिने पचण्यास सोपी होतात. म्हणजेच काही पदार्थ कच्चे, तर काही शिजवलेले अधिक उपयुक्त ठरतात.

आरोग्यावरील परिणाम

या आहारात तंतुमय पदार्थ भरपूर असतात व संपृक्त मेद सहसा कमी असतो. जर्मनीत कच्चा आहार घेणाऱ्या २०१ व्यक्तींच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घातक मानले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल कमी आढळले. मात्र हितकारक एचडीएलही कमी होते आणि ३८ टक्के व्यक्तींत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. जर्मनीतीलच १९९९ च्या एका अभ्यासात ४५ वर्षांखालील सुमारे ३० टक्के स्त्रियांची मासिक पाळी अंशतः किंवा पूर्णतः बंद झाल्याचे आढळले. ज्यांचा आहार अधिकाधिक कच्चा होता, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. हाडांची घनता कमी होणे व दातांच्या आवरणाची झीज होणे यांचीही नोंद झाली आहे.

ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनामध्ये आढळणारे त्याचे रूप बहुतांशी मानवी शरीरास निरुपयोगी असते. दीर्घकाळ कमतरता राहिल्यास रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात आणि मज्जासंस्थेची कायमची हानी होऊ शकते. त्यामुळे या आहारात ब-१२ पूरक स्वरूपात घेणे आवश्यक ठरते. लहान मुले, गर्भवती व स्तनदा माता आणि वृद्ध यांना उणिवांचा धोका अधिक असतो. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीही वैद्यकीय सल्ल्यावाचून असा आहार सुरू करणे धोक्याचे असते.

अन्नसुरक्षा

काही वनस्पती कच्च्या खाणे अपायकारक आहे. राजम्यातील लेक्टिन हे द्रव्य पुरेसे उकळल्यानेच निष्प्रभ होते. केवळ भिजवून किंवा मोड आणून तो सुरक्षित होत नाही. कच्च्या टॅपिओका कंदात (ज्यापासून साबुदाणा करतात) सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. हिरवट पडलेला बटाटाही टाळावा लागतो.

मोड आणण्यासाठी लागणारी ऊब व ओलावा जिवाणूंच्या वाढीसही पोषक असतो. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय जिवाणूमुळे आलेल्या साथीत पन्नासहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. तिचा उगम मेथीच्या मोडांत असल्याचे तपासात निष्पन्न झाले. सांडपाण्यावर वाढवलेल्या भाज्यांतून जंत व पट्टकृमींची अंडीही पोटात जाऊ शकतात. म्हणून भाज्या वाहत्या स्वच्छ पाण्याने धुणे व मोड ताजे असतानाच वापरणे गरजेचे असते. मात्र धुण्याने धोका घटतो, पूर्णतः नाहीसा होत नाही.

हे सुद्धा पहा

शाकाहार
निसर्गोपचार
कोशिंबीर
ब-१२ जीवनसत्त्व