त्रयस्थ सॉफ्टवेअर भांडार
मुक्तस्रोत संगणकप्रणालीच्या अधिकृत संग्रहाबाहेर इतरांनी चालवलेला सॉफ्टवेअरचा साठा. फेडोरा या लिनक्स वितरणाचा उगमच असा : २००२ मध्ये वॉरन टोगामी यांनी हवाई विद्यापीठात रेड हॅट लिनक्ससाठी सुरू केलेले भांडार पुढच्याच वर्षी रेड हॅट कंपनीच्या प्रकल्पात विलीन झाले. आज छत्रपती संभाजीनगरात फेडोरा बसवणाऱ्याला रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी सांभाळलेला लोहित मराठी फॉन्ट अधिकृत भांडारातच मिळतो. एनव्हिडियाचे बंदिस्त ड्रायव्हर आणि पेटंटच्या कचाट्यातले व्हिडिओ कोडेक मात्र सहसा आरपीएम फ्यूजन या त्रयस्थ भांडारातून घ्यावे लागतात. ड्रिबल, फ्रेशआरपीएम्स आणि लिव्हना ही भांडारे एकत्र येऊन ते घडले. पॅकेजमधील स्क्रिप्ट रूट अधिकाराने चालतात, म्हणून भांडार जोडताना त्याची जीपीजी किल्ली पडताळणे अत्यावश्यक. फेडोराचा पॅकेज व्यवस्थापक डीएनएफ पॅकेजची सही तिच्याशीच ताडून पाहते.