रुमालाखालचा भाव

आमच्या बीबीकडची जुनी माणसं बैलबाजाराच्या गोष्टी सांगायला लागली की रुमाल येतोच. रुमालाखाली दोन हात आणि बोटांच्या पेरांवर भाव. चारचौघांना बोली कळत नाही, पण दलालाला दोन्हीकडचं ठाऊक. घेणाऱ्याची वरची रक्कम आणि विकणाऱ्याची खालची रक्कम जुळते का, हे तोच पाहणार. तो बेईमान निघाला की शेतकरी बुडाला. कापूस-धान्यातही हीच तऱ्हा. वऱ्हाडात १८९७ साली बाजारांचा कायदा आला, तेव्हा दलाल आणि मापाडी परवान्याखाली आले. (मँचेस्टरला चांगला कापूस हवा होता, शेतकऱ्याची कळकळ नंतरची.)

१९८२ मध्ये अँड्र्यू याओ यांनी हाच पेच गणितात मांडला: दोन श्रीमंतांनी रक्कम न सांगता अधिक श्रीमंत कोण, हे कसं ठरवावं? दोन वर्षांनी बेनेट आणि ब्रासार यांनी आपल्याच बेंगळुरूच्या परिषदेत प्रकाशकणांतून गुप्त किल्ली पोचवण्याची रीत सांगितली. कुणी कण चोरून पाहिला तर त्याची अवस्था बिघडते आणि चोरी उघडी पडते. पण हा बंदोबस्त बाहेरच्या चोरासाठी. तुलनेत तर समोरचाच संशयित असतो! १९९७ मध्ये होई-क्वोंग लो यांनी दाखवलं की दोघांनीच मिळून केलेली अशी गुप्त आकडेमोड क्वांटमच्या बळावरही पूर्ण सुरक्षित होत नाही.

म्हणून २००९ च्या पद्धतीत तिसरा माणूस परत आला. दोघे आपापले आकडे झाकून त्याच्याकडे देतात. त्याला रक्कम दिसत नाही, तरी सारखी की वेगळी हे ठरतं. त्यानं मात्र दोघांपैकी एकाशी संगनमत करायचं नाही. त्याची ही अमानतदारी आधीच गृहीत धरलेली असते.