तबकडीवरचा शिक्का

मराठी संगीताचा म्हणून जो इतिहास आजवर लिहिला गेला, तो बहुतांशी दिवाणखान्यात बसून ऐकलेल्या संगीताचा इतिहास आहे. नाट्यपद, भावगीत, अभंगवाणी, ख्यालगायन अशी त्याची प्रकरणे ठरलेली. शेवटी 'लोकसंगीत' नावाचे एक परिशिष्ट, आणि त्या परिशिष्टाच्याही कोपऱ्यात आपण. ही प्रकरणे इतिहासकारांनी संशोधनाने पाडली असे मानण्याचे कारण नाही. ती बऱ्याच अंशी तबकड्या विकणाऱ्यांच्या सूचीतून उचललेली आहेत. दुकानदाराला माल मांडायला कप्पे लागतात. तेच कप्पे पुढे अभिरुचीचे कप्पे झाले.

हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीचे पहिले ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झाले. १९२८ मध्ये डमडमचा कारखाना सुरू झाला आणि पुढची पन्नास वर्षे आपण काय ऐकावे हे मुख्यतः एका कंपनीने ठरवले. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. आता हे आंबेडकरी जलशाशी ताडून पाहा. १९३०च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी सत्यशोधकी जलशाचा वारसा घेऊन, गण-गौळणीचा जुना आशय बदलून जे उभे केले, ते रात्रभर चालणारे होते. त्यात गाणे होते, सवाल-जवाब होते, फार्स होता आणि समोर बसलेल्या माणसाला उठवून उभे करणे होते. तीन मिनिटांत यातले काय बसणार? फार तर एक चाल आणि दोन कडवी. शिवाय आपल्याकडे कवी आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. शेवटचे कडवे गळाले की कवीचे नावही गळते. वामनदादा कर्डकांची कितीतरी गाणी आज 'पारंपरिक' म्हणून गायली जातात, ती उगीच नव्हे.

कप्प्यांचा हा उद्योग केवळ आपल्याच वाट्याला आला असे नाही. अमेरिकेत १९२० साली मॅमी स्मिथ या कृष्णवर्णी गायिकेची तबकडी धडाक्याने खपली, तेव्हा कंपन्यांना काळा ग्राहक दिसला. त्यांनी त्याच्यासाठी वेगळी यादीच काढली आणि तिला नाव दिले 'रेस रेकॉर्ड्स', म्हणजे वंशाच्या तबकड्या. १९४९ मध्ये 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने ते नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केले. शिक्का बदलला, कप्पा राहिला. बिली हॉलिडेने झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांचे गाणे १९३९ मध्ये मुद्रित करायचे ठरवले, तर तिच्या मूळ कोलंबिया कंपनीने नकार दिला. 'कमोडोर' या छोट्या कंपनीने ते काढले. ती तबकडी मी पुष्कळदा ऐकली आहे. तिच्यात आरडाओरडा नाही. आपल्या आजच्या काही गायकांनी ती त्यासाठी तरी ऐकावी.

आमचे वडपे हे मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव. आज गोदामांनी वेढलेले. पण माझ्या लहानपणी गावची बरीच माणसे भिवंडीच्या यंत्रमागावर पाळी करीत. माझे वडील त्यांतलेच. बारा तास मागाच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाचा कान हलके भावगीत घेत नाही. म्हणून घरचा टेप मोठ्या आवाजात, आणि टेपवर प्रल्हाद शिंदे. त्यांचा वरच्या पट्टीतला, किंचित खरखरीत, फाटतो की काय असे वाटता वाटता सुरावर येऊन बसणारा गळा हा कारखान्याच्या भोंग्यावर मात करणारा गळा होता. ज्यांनी त्याला 'असंस्कारित' म्हटले, त्यांनी तो कुठे आणि कोणासाठी लागत होता हे पाहिले नाही. माझ्या मते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला तो मराठीतला सर्वांत मोठा लोकमान्य आवाज आहे, आणि हे विधान मी भीमसेन जोशींची अभंगवाणी आवडीने ऐकूनच करतो आहे.

पण शिक्का पाहा. प्रल्हाद शिंदे सर्वाधिक खपले ते 'भक्तिगीत' म्हणून. विठ्ठलाची गाणी, गणपतीची गाणी. त्याच गळ्याने भीमगीते आणि कव्वाल्या गायल्या. त्या मात्र जयंतीच्या मांडवापुरत्या. १९५६च्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातल्या गायकाने देवाची गाणी गावीत काय, असा प्रश्न आपल्यातल्या कार्यकर्त्यांनी वेळोवेळी विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. पण तो चुकीच्या माणसाला विचारला जातो. गवंड्याने देऊळ बांधले म्हणून तो भक्त ठरत नाही. ते गायकाचे कामाचे दाम होते. त्याला देवाच्या गाण्याचे दाम मिळत होते आणि बाबासाहेबांच्या गाण्याला तेवढा बाजार नव्हता, याचा जाब बाजाराला विचारायला हवा.

शिंदे घराणे मूळचे मंगळवेढ्याचे. चौदाव्या शतकात तिथेच गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखामेळा गेले, असे परंपरा सांगते. त्या चोखोबांचा 'अबीर गुलाल' हा अभंग जितेंद्र अभिषेकींनी गायला आहे आणि मराठी घरांत सकाळी तो हमखास लागतो. गायन निर्दोष आहे. परंतु देवळाच्या उंबरठ्याला शिवण्याची मुभा नसलेल्या माणसाने बाहेर उभे राहून केलेले ते बोल आहेत, हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांच्या कानावर पडते? पंढरपूरचे देऊळ आपल्याला उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. सहाशे वर्षांची ती तक्रार 'भक्तिसंगीत' या शिक्क्याखाली प्रसन्न सकाळ होऊन बसली आहे. कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांत मला असे होताना दिसत नाही. तिथे कबीर एकटा आणि अवघडच राहतो. कबीर विणकर, ताणा-बाणा हे शब्द माझ्या वडिलांना कोणी समजावून सांगावे लागले नाहीत. बाबासाहेबांनी कबीराला गुरू का मानले, हे मला त्या तबकड्यांनी काही पुस्तकांपेक्षा अधिक कळवले.

१९८०च्या दशकात कॅसेट आली आणि कंपनीची मक्तेदारी मोडली. हा आपल्या दृष्टीने मोठा बदल होता. थोड्या भांडवलात कॅसेट निघू लागली, एका बाजूला अर्धा तास मिळाला, आणि रस्त्यावरच्या गाडीवर भीमगीते विकली जाऊ लागली. आनंद शिंदेंच्या पोपटाच्या गाण्याने तर सारा महाराष्ट्र नाचवला. आपल्या विचारवंतांनी नाके मुरडली. मला त्यात आजही जिवंत ठेका आणि खट्याळ गळा ऐकू येतो. मात्र कॅसेटने आपले नुकसानही केले. दर एप्रिलला नवा माल हवा, म्हणून सिनेमाच्या तयार चालीवर बाबासाहेबांचे नाव बसवण्याचा कारखाना निघाला. ढोलकीची जागा यंत्राच्या ठोक्याने घेतली. श्रद्धा आहे म्हणून गाणे चांगले म्हणावे, ही सवय आपण सोडली पाहिजे. वामनदादांच्या गाण्यात विचार चालीवर स्वार असतो. या गाण्यांत चाल विचाराला फरपटत नेते.

आणि काही आवाज कोणत्याच कप्प्यात गेले नाहीत. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांचा आवाज आज दूरदूरच्या लोकांना ऐकू येतो तो आनंद पटवर्धनांच्या माहितीपटांतून. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे आपल्या औरंगाबादच्या कडुबाई खरात एकतारीवर गातात. त्यांना लाखो श्रोते मिळाले ते मोबाइलवर, कोणाच्या सूचीत नाव न येता.

गेल्या वर्षी मी विद्यार्थ्यांना एक काम दिले. वडपे आणि आसपासच्या घरांतून जुन्या भीमगीतांच्या कॅसेटी पाहायच्या आणि आतल्या कागदावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून आणायचा. पुष्कळ फिती बुरशीने गेल्या आहेत. कागदावर गायकाचे छायाचित्र आहे, कंपनीचे नाव ठळक आहे, किंमत आहे. गीतकाराचे नाव अनेक ठिकाणी छापलेलेच नाही. एका कागदावर मात्र त्या रिकाम्या जागी घरातल्या कोणीतरी बॉलपेनने लिहून ठेवले होते : वामन.