तारेचें वस्त्र

कन्हान म्हटलें कीं नागपूरकरास प्रथम पाणी आठवतें. शहराची तहान भागविणाऱ्या नद्यांपैकीं ती एक. पण कामठीपलीकडे, नदीकांठीं वसलेल्या कन्हान गांवाच्या परिसरांत कोळशाच्या खाणीही आहेत, आणि जवळच कोराडी व खापरखेडा येथें कोळशावर वीज तयार होते. पाणी व वीज हीं दोन्ही मनुष्याचीं सेवक. परंतु अवचित एकत्र आलीं तर घातक. त्यांची गांठ पडण्याचें एक ठिकाण म्हणजे पावसाळ्यांतील आपली बाग. हिरवळ वाढते, ती कापण्याचें विजेचें यंत्र बाहेर निघतें, आणि एखादे दिवशीं त्याचें पातें स्वतःच्याच केबलवर चढतें. मग घरांतील कोणी तरी म्हणतो, "चिकटपट्टी गुंडाळा, झालें!" हा सल्ला किती भरंवशाचा, हें केबलचा इतिहासच सांगूं शकेल.

१८५० सालच्या ऑगस्टमध्यें डोव्हरपासून फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत समुद्रांत तार टाकण्यांत आली. तिच्या तांब्यावर गटापर्चा नांवाच्या वृक्षरसाचें आवरण होतें. त्यावर दुसरें संरक्षण नव्हतें. थोडे संदेश गेले, आणि लगेच तार मुकी झाली. एका कोळ्याच्या हातून ती तुटली, असें सांगतात. पुढील वर्षीं लोखंडी तारांचें चिलखत चढविलेली केबल टाकली, तेव्हां ती टिकली. तांबें तेंच, यश आलें तें वस्त्रामुळें.

१८६५ मध्यें ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजावरून अटलांटिकमध्यें सोडलेली केबल तुटून तळाशीं गेली. १८६६ मध्यें त्याच जहाजानें दोन मैलांहून अधिक खोलीवरून ती वर काढली व नव्या केबलीस जोडून न्यूफाउंडलंडपर्यंत नेली. असा सांधा करतांना तांब्यास डाख लावावयाचा, त्यावर गटापर्चाचे ऊन थर एकजीव करावयाचे, आणि तपासल्यावांचून तो पाण्यांत सोडावयाचा नाहीं, अशी रीत होती. चिकटपट्टी एकजीव होत नाहीं. ओल्या गवतांतून फरफटतांना तिची कड सुटते व आंत पाणी शिरतें.

कोणी म्हणेल, "फ्यूज आहे ना?" हिशेब पाहा. ओल्या त्वचेच्या माणसाचा विद्युत्‌रोध सुमारें १,००० ओहमपर्यंत उतरूं शकतो. २३० व्होल्टची तार हातीं आली तर ओहमच्या नियमाप्रमाणें सुमारें २३० मिलीअँपिअर प्रवाह शरीरांतून जाईल. ५ अँपिअरच्या फ्यूजला हा प्रवाह जाणवणारही नाहीं. फ्यूज तारेस वांचवितो, माणसास नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील चार्ल्स डाल्झिएल यांनीं प्रयोगांनीं दाखविलें कीं, सरासरी १६ मिलीअँपिअरपुढें पुरुषास आणि १०.५ पुढें स्त्रीस हातांतील तार सोडतांच येत नाहीं. यांतूनच त्यांनीं १९६१ मध्यें गळती होतांच प्रवाह तोडणारें उपकरण सिद्ध केलें. आपल्याकडे याच तत्त्वावरील ३० मिलीअँपिअरचा रक्षक मिळतो. बागेसाठीं तो अवश्य बसवावा.

आतां प्रत्यक्ष कृति. यंत्र व केबल यांना स्पर्श करण्यापूर्वीं भिंतीवरील बटण बंद करून प्लग काढावा व तो डोळ्यांसमोर ठेवावा. एकट्या बटणावर विसंबूं नये. जखम प्लगाजवळ असेल तर तेवढा भाग छाटून उरलेल्या अखंड केबलीस नवा प्लग लावावा. जखम मधोमध असेल तर संपूर्ण केबल बदलावी. तपकिरी तार जिवंत, निळी परतीची, हिरवी-पिवळी जमिनीची. यंत्रावर एकांत एक असे दोन चौकोन असतील तर त्यास दुहेरी आवरण असतें आणि जमिनीची तार नसते. प्लगांतील पकड आंतील तारांवर नव्हे, बाहेरील जाड आवरणावर बसली पाहिजे, म्हणजे ओढ सांध्यावर येत नाहीं. यंत्र उघडावें लागत असेल तर तें काम परवानाधारक वायरमनाचें. तो येईपर्यंत गवत वाढलें तर वाढूं द्यावें.